सोनाबाईच्या हातातल्या मुंग्या

दिवाळी अंकात आपल्या धंद्याचे अनुभव लिहिणारे लोक बहुधा पेन्शन घेतलेले असतात. माझ्या नोकरीला अजून पुरती चार वर्षंही झालेली नाहीत. या अंकाचे संपादक जालन्याला भेटले तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं. ते म्हणाले, सगळी कारकीर्द नको, काम करताना मध्येच आठवते अशी एखादी गोष्ट असेल ती लिहा. तशी एक आहे. ती माझ्या हुशारीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं घर पिंपळगाव रेणुकाईचं. घरी शेती. माझ्या आधी आमच्यातलं कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. हैदराबादला डॉक्टरी शिकायला गेलो तेव्हा तिथलं शिक्षण उर्दूतून, जाड पुस्तकं इंग्रजीतून, आणि मनातल्या मनात समजून घेणं मराठीतून, अशी माझी तीन मजली कसरत चाले. शरीरात दोरीसारखं जे काही असेल त्याला आमच्या गावात सरसकट शीर म्हणायचे. हैदराबादला कळलं की या वेगवेगळ्या वस्तू आहेत. रक्ताची नळी वेगळी. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी वेगळी, तिला आमचे प्रोफेसर वतर म्हणत. आणि मेंदूचा हुकूम खाली नेणारी, स्पर्शाची खबर वर आणणारी ती असब. मराठी पुस्तकात तिला मज्जातंतू म्हणतात. मी इथे साधं नस म्हणतो.

पहिल्याच वर्षी प्रोफेसरांनी उबवणीला लावलेल्या अंड्यातल्या तीन-चार दिवसांच्या जिवाचे पातळ काप करून आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते. त्या जिवाच्या पाठीच्या जागी पेशींची एक बारीक नळी झालेली होती. त्यातल्या एका पेशीला शेपूट फुटलेलं होतं. प्रोफेसर म्हणाले, हे शेपटाचं टोक आता चाचपडत पुढे जाईल, थेट पायापर्यंत. पाय म्हणजे तेव्हा नुसता एक फुगवटा होता. वाट कोण दाखवतं, असं मी विचारलं. वर्गात मी सहसा विचारत नसे, माझ्या उर्दूला मुलं हसत. ते म्हणाले, "खुदा जाने. किताबवाले अभी ढूँढ रहे हैं."

नसेची पेशी पाठीच्या कण्यापाशी असते आणि तिचा धागा पार बोटाच्या टोकापर्यंत जातो. पेशी ज्वारीच्या दाण्याएवढी मानली, तर तिचा धागा वावराच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जाईल. आणि ही पेशी आपल्याला जन्मभरासाठी एकदाच मिळते. कातडी नवी येते, हाड सांधतं, पण मेलेल्या नसपेशीच्या जागी दुसरी येत नाही. पेशी जिवंत असेल तर मात्र ती तुटलेला धागा पुन्हा वाढवू शकते. हे मी परीक्षेत लिहिलं, मार्कही मिळाले. खरं आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं, छापलेलं आहे एवढंच वाटलं होतं.

पास झाल्यावर माझी नेमणूक अंबड तालुक्यातल्या एका बाजारगावच्या दवाखान्यात झाली. गावाचं नाव लिहीत नाही. दवाखान्यात मुख्य होते करीमसाहेब, वयाने माझ्या वडिलांएवढे, कमी बोलणारे. कंपाउंडर गफूरमियाँ, ते मात्र दोघांचंही बोलणं बोलून टाकायचे. लोक करीमसाहेबांना डाक्टरसाहेब म्हणत आणि मला छोटे डाक्टर.

महायुद्धाची लढाई चालू होती. औषधं वेळेवर येत नसत. मी जाऊन दोन महिने झाले असतील, तेव्हा आसपासच्या गावांत पटकी, म्हणजे कॉलरा, आली आणि साहेब टोचायला दौऱ्यावर गेले. त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी दुपारी सोनाबाई कासारणीला बैलगाडीतून आणलं.

सोनाबाई चाळिशीच्या आतबाहेरची. तिचा नवरा जालन्याहून ठोक माल आणायचा, पण बायकांच्या हातात बांगड्या भरायचं काम तिचं. माजघरात, परसात, बाळंतिणीच्या खोलीत, जिथे नवऱ्याला जाता येत नाही तिथे तिचा हात जायचा. म्हणजे दुकान खरं तिच्या हातातच होतं. त्या दिवशी बांगड्यांचा पेटारा घेऊन एका ओट्याची पायरी उतरताना ती घसरली आणि फुटक्या काचांवर पडली. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, आडवी खोल जखम होती.

मी रक्त थांबवलं, गफूरमियाँनी क्लोरोफॉर्म दिला. जखमेत पाहिलं तर तुटकी टोकं. वरच्या बाजूला तीन, खालच्या बाजूला तीन, सगळी रक्ताने माखलेली. पुस्तकातल्या चित्रात नस पिवळी आणि वतर निळा छापलेला होता, खऱ्या हातात तसं काही नसतं. मी धुतलं, पुसलं, जोड्या लावल्या आणि बारीक रेशमाने शिवलं. दीड तास लागला. गफूरमियाँ म्हणाले, शिलाई तर शिंप्यालाही लाजवेल अशी झाली. मला ते खरं वाटलं. त्या रात्री मी घरी पत्र लिहिलं, त्यात या शिलाईचं वर्णन केलं. वडिलांना ते शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं लागणार होतं, म्हणून मी सोपं करून लिहिलं होतं.

साहेब आठ दिवसांनी आले. जखम कोरडी होती. ते म्हणाले, ठीक.

पण सोनाबाईचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट बधिर झालेलं होतं, आणि अंगठा बाकीच्या बोटांच्या समोर येत नव्हता. हे होणारच होतं. मी तिला समजावून सांगितलं. नस तुटली की तुटल्या जागेच्या खालचा धागा मरतो, कारण त्याची पेशी लांब पाठीत आहे, तिच्यापासून तो तुटला. तो विरघळून जातो. पण ज्या पोकळ नळीतून तो गेलेला असतो ती नळी शिल्लक राहते. मग वरून नवा धागा फुटतो आणि त्या रिकाम्या नळीत शिरून खाली चालू लागतो. फार हळू चालतो. ज्वारीचा एक दाणा ओलांडायला त्याला तीन-चार दिवस लागतात.

ती म्हणाली, "आन तो चालून राह्यला हे कसं कळंल?"

कळतं, आणि ते कसं कळतं हे मला शिकवणाऱ्यांचे मी उपकार मानतो. नसेच्या वाटेवर बोटाने टिचकी मारत जायचं. नव्या धाग्याचं कोवळं टोक जिथे पोचलं असेल तिथे टिचकी बसली की बधिर बोटांत मुंग्या येतात. पुढच्या खेपेला ती जागा थोडी खाली सरकलेली असते. सोनाबाईच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदणाच्या ठिपक्यांची ओळ उतरलेली होती. जखमेच्या खाली मनगटापर्यंत पाच ठिपके होते. मी म्हटलं, मावशी, तुमच्या हातावर मैलाचे दगड आधीच रोवून ठेवलेत. मुंग्या एकेक ठिपका ओलांडतील.

तिला ते पटलं. दर बाजाराला ती दवाखान्यात येऊ लागली. मी टिचकी मारायचो, ती डोळे मिटून सांगायची. तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या व्रणावर मुंग्या आल्या. आम्ही दोघंही खूश झालो.

चौथ्या आठवड्यात मुंग्या व्रणावरच होत्या. पाचव्यात तिथेच. मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत. सहाव्यात म्हटलं, अंगात रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा. सातव्या आठवड्यात टिचकी मारताना माझ्या मनात एक विचार येऊन गेला. तो इतका वाईट होता की मी तो पुरा येऊ दिला नाही. साहेब पलीकडच्याच खोलीत बसलेले असायचे. मी त्यांना विचारलं नाही.

तेवढ्या काळात तिचं काय चाललं होतं तेही सांगायला हवं. तिने बसून राहायचं नाकारलं. नव्या सुनेला बांगड्या भरायला एका घरी गेली. बांगडी भरणं म्हणजे काय, हे मला तिच्याकडूनच कळलं. समोरचा हात एकदा दाबला की माप कळतं, हाड कुठे आडवं येईल ते कळतं, अंगठा किती आत दुमडायचा ते कळतं, आणि हे सगळं बोटांना कळतं, डोळ्यांना नाही. तिच्या बोटांना काही कळलं नाही. एकापाठोपाठ एक तीन बांगड्या वाढल्या, म्हणजे फुटल्या, नव्या नवरीच्या हातातून रक्त आलं. त्या घरच्या म्हातारीने सुनेचा हात मागे ओढून घेतला. ही बातमी चार गावं फिरली. कुंकवाची गोष्ट, बायका धीर कशा करणार. सोनाबाई आली की कुणाच्या हातात पीठ असायचं, कुणाला ताप असायचा.

अकराव्या बाजारी मी टिचकी मारली आणि नेहमीसारखं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, छोटे डाक्टर. माझ्या हातापरीस तुमचं तोंडच सांगून राह्यलं. मुंग्या तिथून हालणार न्हाईत ना?"

मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. त्यांनी तिला बोलावलं, हात हातात घेतला, स्वतः टिचक्या मारल्या, अंगठ्याच्या गादीचं मांस झडलेलं पाहिलं. मग तिला बाहेर बसवून माझ्याकडे वळले. मला वाटलं ओरडतील. ते इतकंच म्हणाले, "असब कू वतर से बाँध दिये तुम." म्हणजे नसेचं वरचं टोक मी स्नायूच्या दोरीच्या खालच्या टोकाला शिवलं होतं. नवा धागा अकरा आठवडे एका दोरीवर डोकं आपटत होता. अशी चूक नवे लोक करतात, असंही ते म्हणाले, आणि कळल्यावर महिनाभर गप्प बसायची चूकही नवेच लोक करतात. दुसरं वाक्य त्यांनी खिडकीकडे पाहत म्हटलं. मग म्हणाले, तिला सांगायचं काम तुझं, आणि उघडून पुन्हा शिवायचं कामही तुझंच. मी फक्त शेजारी उभा राहीन.

मी बाहेर ओट्यावर गेलो. काय काय बोललो ते आठवत नाही, पण माझ्याकडून चूक झाली हे शब्द उच्चारले, एवढं आठवतं. दोन दोऱ्यांची अदलाबदल कशी झाली तेही सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आमच्याकडून चुकीच्या मापाची चढली तर आम्ही तव्हाच काढतो. तुमाला अकरा बाजार लागले व्हय?"

तिने व्रणावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं.

"पुन्ना कापणार?"

मी हो म्हटलं.

"मंग बराबर शिवा. आन ह्या खेपेला डाक्टरसाहेबाला म्होरं उभं करा, तुमच्या मागं न्हाई."

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी साहेब खरंच माझ्या समोर, टेबलाच्या पलीकडे उभे होते. मी व्रण उघडला, माझीच शिलाई सोडवली. नसेच्या वरच्या टोकाला कांदापातीच्या गड्ड्याएवढी गाठ आलेली होती. साहेबांनी हात थांबवायला सांगितला. म्हणाले, हे नीट पाहून घे. ही गाठ म्हणजे ते धागेच. वाट शोधत पुढे आले, वाट सापडली नाही, तर एकमेकांत गुरफटून, वळून वळून तिथेच वाढत राहिले. थांबले नाहीत.

कॉलेजातलं ते अंडं पाहताना मला जे वाटायला हवं होतं ते मला त्या टेबलापाशी वाटलं. मी चूक केली होती, पण तिच्या पाठीतल्या पेशींना ते माहीत नव्हतं. त्या अकरा आठवडे धागे पाठवतच होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, "पोंछ लो, मियाँ. अभी दिखना जरूरी है."

मग त्यांनी मला रंग पाहायला शिकवलं. स्नायूची दोरी चमकते, ओल्या रेशमासारखी, आणि चिमट्यात कडक लागते. नस मळकट पांढरी, मऊ, आणि तिच्या अंगावरून केसाएवढी रक्तवाहिनी जाते. गाठ थोडी थोडी कापत गेलो, तेव्हा कापाच्या तोंडावर बारीक बारीक ठिपके वर फुगून आले. ती धाग्यांची जिवंत जुडी. नसेचं खालचं टोक वतराच्या वरच्या टोकाला शिवलेलं, म्हणून स्नायूंच्या आड ओढलं गेलं होतं, तेही शोधून सोडवलं. नसेची दोन्ही टोकं जुळावीत म्हणून मनगट आत वाकवलं आणि चार टाके घातले, मग वतराचीही टोकं जोडली. साहेबांनी प्रत्येक टाका मोठं भिंग लावून तपासला. तीन आठवडे मनगट तसंच वाकवून बांधून ठेवलं.

हातातल्या नसेची ही गोष्ट सांगताना तेव्हाचा एक माणूस मला वगळता येत नाही. त्याच उन्हाळ्यात चिंच झोडताना पडलेला एक गडी आला. कंबरेपासून खाली काही हलत नव्हतं, काही कळत नव्हतं. बाहेर बसलेल्या सोनाबाईकडून तिच्या हाताचं ऐकून त्याच्या बायकोने मला विचारलं, हिच्यागत ह्यांच्याबी मुंग्या चालतील का? मला नाही म्हणावं लागलं. हातातला तुटलेला धागा परत वाढतो, कण्याच्या आतला वाढत नाही. पेशी त्याच जातीची. मग का नाही, ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. साहेबांनाही माहीत नव्हतं. तिला मी खोटं सांगितलं नाही. तोपर्यंत तेवढं शिकलो होतो.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्यात सोनाबाईच्या हातात मुंग्या व्रणाखालच्या पहिल्या ठिपक्यावर आल्या. मी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तिथेच. गफूरमियाँना बोलावलं, त्यांनी मारली. ती म्हणाली, आता अख्ख्या गावाला बोलवा, हात सुजवून ठेवा. पुढच्या बाजारी मुंग्या त्या ठिपक्याच्या जराशा खाली होत्या. मग दुसरा ठिपका, मग तिसरा. पाऊस लागला, पेरण्या झाल्या, साहेब दौऱ्यावर जाऊन आले, आणि तिच्या हातात दर दिवशी, कुणी न सांगता, केसापेक्षा बारीक धागे पुढे सरकत होते. गौरी येऊन गेल्या तेव्हा त्यांनी मनगट ओलांडलं. तळव्यावर गोंदण नसतं, तिथे आम्ही रेषांवरून मोजलं. झडलेली अंगठ्याची गादी हळूहळू भरू लागली. एके दिवशी अंगठा करंगळीच्या दिशेने किंचित वळला. तिने तो मला दोनदा करून दाखवला आणि मग पदराखाली घेतला, जणू दृष्ट लागेल.

पण धागे बोटांत पोचले तेव्हा एक विचित्र प्रकार झाला. मी तिच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला हात लावला की ती म्हणायची मधल्याला लावला. हजारो धागे आणि हजारो नळ्या. कुठला धागा कुठल्या नळीत शिरला कुणास ठाऊक. बरेचसे शेजारच्या घरात शिरले होते. मी साहेबांना विचारलं, आता काय. ते म्हणाले, धाग्यांचं काम झालं. आता वर बसलेल्या मेंदूने नवे पत्ते पाठ करायचे. त्याला काम दे.

तिला हवं होतं तेच काम, पण तिला हात द्यायला कोण तयार होतं? घरी स्वतःच्या सुनेच्या हातावर ती करून पाहायची, पण सुनेचा हात तिला पाठ होता, त्याचा उपयोग नव्हता. हे सगळं तिने मला सांगितलं. तिने मागितलं नाही. मीच हात पुढे केला.

पुरुषाने हातात बांगड्या भरल्या, हे आमच्याकडे कशासाठी म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. दवाखान्याच्या ओट्यावर, बाजाराच्या दिवशी, औषधाच्या रांगेसमोर मी बसलो. ती म्हणाली, "पुरुषाचा हात म्हंजे निव्वळ लाकूड. ह्यात चढली तर कुनाच्याबी हातात चढंल." तिने नवऱ्याकडून मोठ्यात मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या आणवल्या होत्या. गफूरमियाँ म्हणाले, आता फक्त नथ राहिली. पहिल्या दिवशी चार वाढल्या. माझ्या हाताला दोन ठिकाणी काच लागली, मीच आयोडिन लावून घेतलं. पुढच्या बाजारी तीन. ती डोळे मिटून दाबायची, कुठलं हाड ते सांगायची, चुकायची, पुन्हा सांगायची. रांगेतले लोक हसायचे. मग त्यांनाही सवय झाली.

संक्रांतीच्या आधीच्या बाजारी तिने माझा हात घेतला, नेहमीसारखे डोळे मिटले आणि दाबता दाबता थांबली.

"हात ढिला सोडा," ती म्हणाली. "थरथरून राह्यलाय."

मी विचारलं, कुठे?

"हितं. माझ्या अंगठ्याच्या खाली. आन गारबी पडलाय."

मी माझ्या हाताकडे निरखून पाहिलं. डोळ्यांना तो अगदी स्थिर दिसत होता.

मी काही बोलायच्या आत तिने माझा अंगठा आत दुमडला, हाडांवरून बोटं फिरवली, एका जागी जराशी थांबली, आणि बांगडी मनगटावर आली. एक चरा गेला नाही. रांगेत तान्हं मूल घेऊन उभी असलेली एक बाई पुढे आली, मूल दुसरीजवळ दिलं आणि पदराने आपला हात पुसला.

"सरका की, छोटे डाक्टर," ती म्हणाली. "सणाच्या आम्हालाबी भरायच्यात."

मी उठून जागा दिली. बांगडी काढायची राहून गेली. त्या दिवशीचे बाकीचे सगळे पेशंट मी ती हातात ठेवूनच तपासले.